झोपेचा ऑनलाइन कोर्स: पैसे वसूल, पण वन बीएचकेवाल्यांनी आधी हे वाचा

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय तो ॲपसाठी आणि मराठी नसल्यासाठी, पद्धतीसाठी नाही. पद्धत एक नंबर आहे पण पहिले दोन आठवडे जीव काढते, आणि हे जाहिरातीत कुठेच सांगत नाहीत, जाहिरातीत एक बाई पांढऱ्याशुभ्र चादरीत हसत झोपलेली असते. हसत कोण झोपतं?

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. एकतर तक्रारीही लिहिणार आहे, आणि दुसरं म्हणजे असे कोर्स आता बरेच निघालेत आणि आतला माल साधारण एकच असतो, डॉक्टर लोक त्याला सीबीटी-आय म्हणतात. गोळीशिवाय निद्रानाशावर करायचा उपाय. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय की मोठ्या माणसांच्या जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय हाच करा, गोळ्या नंतर. आपल्याकडे उलटं, आमच्या बिल्डिंगमध्ये लॉकडाऊननंतर अर्ध्या बायकांच्या पर्समध्ये झोपेची अर्धी गोळी असते आणि ती कोणी लिहून दिली विचारलं तर "ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकू घेतात ना, तीच" असं उत्तर येतं.

आता मला का घ्यावा लागला ते सांगते, कारण त्यावरूनच तुम्हाला कळेल की हा तुमच्या कामाचा आहे की नाही.

मी डोंबिवलीची, ऑफिस फोर्टला, अकाउंट्समध्ये. म्हणजे सव्वापाचला उठणं, डबे, सातच्या आसपासची फास्ट लोकल, हे वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेलं. झोप कमीच व्हायची, सहा तास मिळाले तर नशीब, पण पडल्या पडल्या लागायची. नवरा म्हणायचा बटण बंद केल्यासारखी झोपतेस. मग मार्च २०२० मध्ये लोकलच बंद झाली. मुंबईत दंगली झाल्या, पाऊस झाला, बॉम्बस्फोट झाले तरी दुसऱ्या दिवशी धावणारी लोकल एवढे महिने आमच्यासाठी बंद, कोणाला खरं वाटलं नसतं. आणि खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो हाच की चला आता झोप काढू. सगळ्यांच्याच मनात आला असणार. पहिले काही दिवस काढलीही, आठ-आठ वाजेपर्यंत.

नंतर काय झालं ते तुमच्या घरीही झालंच असेल. सकाळी नऊला दूरदर्शनवर रामायण, रात्री नऊला परत रामायण, सासूबाईंना दोन्ही पाहिजे, त्यामुळे रात्रीची जेवणं दहाला. मग भांडी, कारण कामवाल्या मावशी येत नव्हत्या. मग साडेअकराला मोबाइल, आज किती पेशंट वाढले, धारावीत किती, केडीएमसीत, म्हणजे आमच्या कल्याण-डोंबिवलीत किती. एक वाजता झोपायचं, सकाळी साडेआठला उठून केस बांधून लॅपटॉपसमोर. दुपारी जेवण झालं की डोळे मिटायचे तर अर्धा तास आडवं पडायचं, पलंग समोरच, कारण ऑफिस पलंगावरच. मुलगा तर वेगळ्याच देशात राहायचा, पहाटे तीनला झोपणार आणि ऑनलाइन शाळेला कॅमेरा बंद करून पांघरुणातून "प्रेझेंट मिस".

तरी २०२० निभावलं. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांनी वाट लावली. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. रात्री दोन वाजता ग्रुपवर मेसेज, ऑक्सिजन बेड पाहिजे, रेमडेसिव्हिर कुठे मिळेल, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा. आमच्या नात्यातही दोघं ॲडमिट होते. फोन उशाशी, आवाज चालू, कारण हॉस्पिटलचा फोन आला तर. दोघंही नंतर नीट घरी आले पण माझा फोन उशाशीच राहिला आणि मेंदूला सवय लागली ती लागलीच, दोन-अडीचला टक्क जाग. कोणी फोन केलेला नसतो, काही नसतं, पण जाग. मग पंख्याकडे बघत पहाटेपर्यंत उद्याच्या कामांचा हिशोब.

ऑफिस परत सुरू व्हायचं तेही तुकड्यातुकड्याने. फेब्रुवारी २०२१ ला लोकल सगळ्यांना उघडली ती पण कशी, सकाळी सातच्या आत, नाहीतर दुपारी बारा ते चार, नाहीतर रात्री नऊनंतर. काही दिवस पहाटेची गाडी, काही दिवस दुपारची, मग एप्रिलमध्ये परत बंद, मग १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना पास. त्यानंतर आमचं हायब्रिड, आठवड्यातले तीन दिवस ऑफिस. म्हणजे तीन दिवस सव्वापाचला उठायचं आणि चार दिवस साडेआठ. दिवाळीपर्यंत माझी अवस्था अशी की ऑफिसच्या दिवशी घाटकोपरच्या पुढे बसायला मिळालं की मान टाकून झोप, आणि रात्री घरी गादीवर पडलं की डोळे सताड उघडे. तेव्हा हा कोर्स घेतला. म्हणजे हा रिव्ह्यू ताजा ताजा नाही, मुद्दाम थांबून लिहितेय, कारण कोर्स संपल्यावर महिनाभर सगळंच छान वाटतं, टिकतं का ते बघायचं होतं.

किंमत चार हजारांच्या आतबाहेर होती, सहा आठवडे, रोज ॲपमध्ये झोपेची डायरी आणि आठवड्यातून एकदा कोचचा फोन. घ्यायच्या आधी एक लांबलचक फॉर्म भरून घेतात, घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं कोणी सांगितलंय का, बीपी आहे का, फिट येते का, कधी खूप उदास किंवा खूपच उत्साहात असे टोकाचे दिवस जातात का, रात्री गाडी चालवता का. मला वाटलं टाइमपास आहे, पण हा फॉर्म त्या अख्ख्या कोर्समधली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट निघाली. यातल्या काही लोकांना ते सरळ नाही म्हणतात, आधी डॉक्टरकडे जा म्हणतात, पैसे घेत नाहीत. याचं कारण पुढे कळेल.

पहिला आठवडा काहीच करायचं नाही, फक्त लिहायचं. किती वाजता पडलात, अंदाजे किती वाजता झोप लागली, किती वेळा जाग आली, किती वाजता उठलात, दुपारी डुलकी किती, चहा किती. अंदाजाने लिहा, घड्याळ बघू नका असं बजावतात. आठवड्याने कोचने हिशोब दाखवला. मी सरासरी नऊ तास गादीवर असते आणि त्यातले झोपते साडेपाच तास. साडेपाच भागिले नऊ, ६१ टक्के. चांगल्या झोपेत हा आकडा ८५ च्या वर पाहिजे. मी आयुष्यभर हिशोबच केले पण स्वतःच्या गादीचा असा ताळेबंद कोणी समोर ठेवला नव्हता.

आणि मग तो उपाय, ज्यासाठी मी कोचला मनातल्या मनात काय काय बोलले. तो म्हणाला, तुम्ही साडेपाच तास झोपता ना, मग साडेपाच तासच गादीवर राहायचं. रात्री बारा ते पहाटे साडेपाच. बाराच्या आधी पाठ टेकायची नाही, साडेपाचला उठायचं म्हणजे उठायचं, झोप झाली असो नसो, रविवार असो नाहीतर वर्क फ्रॉम होम असो. दुपारची डुलकी बंद. मी म्हटलं अहो मी झोप वाढवायला पैसे भरलेत, तर तो शांतपणे म्हणाला मॅडम, पहिले झोप घट्ट करू मग वाढवू. सात दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहिलं की पंधरा मिनिटं वाढवून मिळतात. पंधरा मिनिटं! रेशनवर साखर मिळाल्यासारखी. साडेपाच तासांच्या खाली मात्र ते कोणालाच नेत नाहीत.

पण यामागचं कारण त्याने जे समजावलं त्यासाठी चार हजार गेले तरी वाईट वाटलं नाही. झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे जागं राहून साठत जाणारा दाब, जितका वेळ जागे तितकी मेंदूत ॲडिनोसिन नावाची गोष्ट साठते आणि झोप खेचते. (चहा-कॉफी नेमकी याच्याच आड येते, आणि संध्याकाळी पाचला प्यायलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगात असू शकतं. माझा सहाचा चहा गेला तो यामुळे. सासूबाईंचा नाही गेला, त्या रात्री नऊलाही पितात आणि सव्वानऊला घोरतात, त्यांचं शास्त्र वेगळं.) दुसरी गोष्ट मेंदूतलं घड्याळ. ते चोवीस तासांचं नसतंच, बहुतेकांचं चोवीस तास आणि वर थोडी मिनिटं असं असतं, त्यामुळे रोज सकाळी उजेड दाखवून त्याला मागे ओढावं लागतं, नाहीतर ते दिवसेंदिवस पुढे सरकत जातं. घरातला दिवा म्हणजे काही शे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), बाहेर ढगाळ असलं तरी काही हजार, आणि ऊन असेल तर दहा हजारांच्या कितीतरी वर. डोळ्याला घरातही लख्ख वाटतं पण घड्याळाला तो अंधारच.

आता माझंच बघा ना. सकाळी पावणेसातला घरातून स्टेशनपर्यंत चालत जाणं, तोंडावर कोवळं ऊन, ठरलेली गाडी चुकू नये म्हणून ठरलेल्या वेळी उठणं, दिवसभर जागं राहणं, जिने चढणं, परत येताना तासभर उभं राहणं. या सगळ्याला मी वीस वर्षं शिव्या घातल्या. आणि माझी झोप त्याच्यावरच उभी होती. लॉकडाऊनने झोपायला वेळ भरपूर दिला पण उठायची वेळ काढून घेतली. लोकल गेली, मस्टर गेलं, शाळेची रिक्षा गेली, देवळातली काकड आरती पण बंद, दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा, बेल वाजवायची नाही. माणसाला सकाळी खेचून बाहेर काढणारं काहीच उरलं नाही, आणि घड्याळ सुटलं मोकाट.

कोर्समध्ये वाचायला लेख देतात त्यात हे सगळं जगभर मोजलेलं होतं. ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंडमधल्या लोकांचा अभ्यास २०२० मध्येच 'करंट बायॉलॉजी'त आला. लोकांचा सोशल जेटलॅग, म्हणजे कामाच्या दिवशीची आणि सुट्टीच्या दिवशीची झोप यांतली फारकत, ती कमी झाली, झोप थोडी वाढली, पण झोपेचा दर्जा उलट खाली गेला. त्याच सुमाराला अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठातले विद्यार्थी शाळा-कॉलेजच्या दिवशी अर्धा तास जास्त झोपायला लागले पण झोपायची वेळ जवळपास पन्नास मिनिटं पुढे गेली. आपल्याकडची पाहणी 'इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री'मध्ये आली होती, तिच्यात तर लोक उशिरा झोपून उशिरा उठायला लागले, रात्रीची झोप घटली आणि दिवसाची वाढली, म्हणजे आमचं घर. युरोपातल्या माणसाला घरून काम म्हणजे निवांतपणा असेल, आपल्याकडे तीन खोल्यांत पाच माणसं, दोन मीटिंग आणि एक कुकर असं होतं, त्यामुळे मला त्यात काही नवल वाटलं नाही.

आता माझी मुख्य तक्रार. या कोर्सचा दुसरा नियम असा की गादी फक्त झोपण्यासाठी. पडून वीसेक मिनिटं झाली, झोप येत नाहीये, चिडचिड व्हायला लागली की उठायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे जड झाले की मगच परत यायचं. म्हणजे मेंदूला गादी दिसली की झोप आठवली पाहिजे, काळजी नाही. हे बरोबरच आहे, १९७० च्या दशकापासून वापरात असलेली पद्धत आहे. पण दुसरी खोली कुठून आणू? ॲपमधल्या चित्रात आरामखुर्ची, बाजूला लॅम्प, खिडकीत झाड. आमच्याकडे बेडरूममध्ये आम्ही दोघं, हॉलमध्ये दिवाणावर सासूबाई आणि खाली मुलगा, तो झोपलेला असेल तर. उरलं स्वयंपाकघर. तिथे ओट्याला लागून प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं, गॅसवरच्या धूर ओढणाऱ्या चिमणीचा बारका दिवा लावला, आणि कंटाळवाणं काम म्हणून लसूण सोलत बसले.

पहिल्याच रात्री सासूबाई दारात. "अगं बरं नाही का तुला? बीपी वाढलंय का?"

"नाही आई, कोर्समध्ये सांगितलंय."

"रात्री एक वाजता लसूण सोलायला सांगितलंय?"

"झोप येत नसेल तर उठून बसायला सांगितलंय हो. झोपा तुम्ही."

"पैसे किती घेतले त्यांनी?" हे विचारलं त्यांनी आणि मी आकडा निम्म्याने कमी करून सांगितला.

पण लसणाची गोष्ट खरंच सांगण्यासारखी आहे. पुस्तक घेतलं तर मी प्रकरण संपेपर्यंत सोडत नाही, मोबाइलचा तर प्रश्नच नाही, गहू निवडायला उजेड लागतो. लसणाला उजेड लागत नाही, बोटांनाच कळतं, साल सुटली की नाही, पाकळी ओली की सुकी, गावरान असेल तर पाकळ्या एवढ्याशा आणि साल चिकट, दहा-बारा पाकळ्या झाल्या की नखांच्या कडा चुरचुरतात आणि मान लवंडायला लागते. कोचने पुढच्या फोनवर विचारलं तुमची शांत ॲक्टिव्हिटी काय, मी सांगितलं, तर पलीकडे दोन सेकंद काही आवाज नाही. मग म्हणाला एक्सलंट. तेवढ्या दिवसांत आमच्याकडे लसणाची चटणी कधी संपली नाही.

दिवसा काम पलंगावर करायचं नाही हा त्याचाच भाग. घरात टेबल नाही म्हणून मी इस्त्रीचं टेबल वापरलं, उंची कमी-जास्त होते, उभं राहूनही काम होतं. चालतं.

ते पहिले दोन आठवडे मात्र सांगते, भयानक. रात्री नऊपासून डोळे मिटायला लागतात आणि बारा वाजेपर्यंत तग धरायचा. मी उभ्याने इस्त्री करायची, आख्ख्या घराचे रुमाल इस्त्री झाले. ऑफिसमध्ये एका व्हाउचरवर उलटी एंट्री टाकता टाकता राहिले. गाडी चालवणाऱ्यांना, मशिनवर काम करणाऱ्यांना, फिट येणाऱ्यांना ते आधीच नाही का म्हणतात ते इथे कळलं, या दिवसांत माणूस खरोखर पेंगतो. माझ्या मते हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पाहिजे. पण तिसऱ्या आठवड्यात एक रात्र अशी आली की बाराला पाठ टेकली आणि पुढचं काही आठवतच नाही, एकदम गजरच. मध्ये दोन-अडीचची जाग नाही, काही नाही. सकाळी ब्रश करताना लक्षात आलं आणि मी तोंडात फेस घेऊनच नवऱ्याला उठवलं सांगायला, तो ओरडला तो भाग वेगळा.

त्यानंतर पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत मी सव्वाअकरा ते पावणेसहा इथे थांबले. साडेसहा तास. आठ नाही होत आणि मला लागतही नाहीत असं दिसतंय. शनिवार-रविवारीही पावणेसहा, उठून पिशवी घेऊन भाजीला जाते, सकाळी सातला डोंबिवलीत भाजीही ताजी आणि ऊनही फुकट. मध्येअधे बिघडतं, घरातलं लग्न झालं, आजारपण झालं, की दोन-चार दिवस परत टक्क. पण आता काय करायचं ते माहिती आहे, रात्र वाईट गेली म्हणून सकाळी भरून काढायचं नाही, उठायची वेळ हलवायची नाही, बाकी आपोआप रुळावर येतं. या एका गोष्टीसाठी कोर्स वसूल.

बाकीच्या आठवड्यांत विचारांवर काम असतं, "आज झोपले नाही तर उद्या माझं काही खरं नाही" अशी वाक्यं लिहून काढायची आणि त्यांची उलटतपासणी करायची. ठीकठाक. संध्याकाळी सातला वहीत उद्याच्या काळज्या लिहून वही मिटायची हे मला उपयोगी पडलं, पण सातला मला वेळ नसतो, मी परतीच्या गाडीत मोबाइलवर लिहिते. स्नायू सैल सोडायची ऑडिओ आहे, त्यातला बाईचा आवाज इतका लाडिक की मला हसू येतं. तुम्हाला चालेल कदाचित.

ॲपबद्दल: रात्री बारानंतर झोपलात तर तारीख बदलते आणि नोंद पुढच्या दिवसात जाऊन पडते. ज्या कोर्समध्ये तुम्हीच माणसाला बाराला झोपायला लावता त्या कोर्सच्या ॲपमध्ये ही गडबड असावी म्हणजे कमाल आहे. तक्रार केली, "आमची टीम बघतेय" असा मेसेज आला, टीम बहुधा अजून बघतेय. शिवाय रोज रात्री साडेनऊला टिंग, "दिवे मंद करा, दिवसाला निरोप द्या." साडेनऊला मी कढई घासत असते. नोटिफिकेशन बंद करून टाका.

भाषा हा खरा दोष. हिंदी आणि इंग्रजी, बस. कोच भला माणूस होता, माझं मुंबई हिंदी चालवून घेतलं, पण मध्यरात्री छातीत काय धडधडतं, जिवाची कशी घालमेल होते, ते हिंदीत सांगता सांगता अर्धं गळून जातं. माझ्या वहिनी साताऱ्याला असतात, कोव्हिड होऊन गेल्यापासून त्यांची झोप उडालीय, त्यांना हा कोर्स द्यावा म्हटलं तर भाषेपाशीच अडलं. शेवटी मी त्यांना फोनवर उठायची वेळ आणि सकाळचं ऊन एवढंच सांगितलं, आणि बाकीचं डॉक्टरांना विचारा म्हटलं, कारण तास कमी करायचा प्रकार असा ऐकीव माहितीवर करू नये.

कोर्ससोबत सवलतीत मनगटाचा बँड देत होते, झोप मोजणारा. घेऊ नका. मी घेतला नाही पण नवऱ्याने वेगळा घेतला होता, त्यामुळे बघितलंय. ती पट्टी हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधते, गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती ते नक्की कळायला डोक्याला वायरी लावून तपासणी लागते. सकाळी फ्रेश उठलेला माणूस पट्टीवर ५८ मार्क बघून तोंड पाडून बसतो. मोजण्याच्या नादाने झोप जाणाऱ्यांसाठी तर डॉक्टरांनी २०१७ मध्ये ऑर्थोसोम्निया असं नावही काढलंय. निद्रानाशवाल्याने घड्याळाकडे पाठ करून झोपायचं असतं, मनगटावर बांधून नाही.

मुलाचं विचाराल तर, त्याला मी या कोर्सला घातला नाही, तो मोठ्यांसाठीच आहे. तो त्या दहावीच्या बॅचचा ज्यांची २०२१ ची बोर्डाची परीक्षा रद्द झाली, त्यामुळे अभ्यासाला पहाटे उठायची जी एक सक्ती असते तीही त्याच्या वाट्याला आली नाही. कॉलेजं प्रत्यक्ष सुरू झाली आणि सकाळी सातचं लेक्चर लागलं तेव्हा महिनाभर रडगाणं गाऊन तो आपोआप सुधारला. फुकटात.

कोणी घ्यावा: ज्यांना आठवड्यातून तीन-चार रात्री झोप लागत नाही किंवा मोडते, असं तीनेक महिने चाललंय, आणि ज्यांचं कामाचं वेळापत्रक त्यातल्या त्यात ठरलेलं आहे. रात्रपाळीवाल्यांना फारसा उपयोग नाही, कोचनेच सांगितलं. गोळी चालू असेल तर मनाने बंद करून कोर्स सुरू करू नका, एकदम बंद केली की झोप आणखी बिघडते, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते. आणि घोरणाऱ्यांनी आधी तपासून घ्या. माझ्या जोरावर आमच्या ह्यांनी पण फॉर्म भरला होता, फार्मा कंपनीत आहेत, लॉकडाऊनभर शिफ्टला जात होते आणि वजन वाढलेलं, बीपीची गोळी चालू. घोरता का, हो. श्वास अडकतो का, तर तिथे मीच "हो" वर टिक केली. त्यांना कोर्स नाकारला आणि स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, करून घ्या म्हणून कळवलं. सध्या ते रिपोर्ट नॉर्मल येईल अशी पैज लावून बसलेत, पण तपासणीची तारीख काही घेत नाहीत.

सुरू करायचा असेल तर वेळ बघून करा. पहिले तीन आठवडे एकही जागरण चालत नाही, म्हणजे गणपती, नवरात्र, घरचं कार्य, मार्च एंड हे सगळं टाळून. मी दिवाळीनंतर केला ते बरं पडलं, थंडीत बारापर्यंत जागणं जड जातं पण शालीत बसून इस्त्री करता येते. आणि लसूण आधीच किलोभर आणून ठेवा.